इंदिराबाई, नंदुरबार आणि दोन मतपत्रिका

१९९९ च्या सप्टेंबरात निवडणुकीच्या कामासाठी माझी नेमणूक अक्राणी तालुक्यातल्या एका गावी झाली होती. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पाऊस थांबायला तयार नव्हता. शाळेच्या एकुलत्या एका खोलीत आम्ही दोन मतपेट्या मांडल्या होत्या, एक लोकसभेची आणि एक विधानसभेची. पांढरी मतपत्रिका दिल्लीसाठी आणि गुलाबी मुंबईसाठी, हे सकाळपासून सांगून सांगून माझा घसा बसला होता. दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. दोन पेट्यांकडे बराच वेळ पाहून त्यांनी मला विचारले, की पूर्वीची पद्धत पुन्हा आली का? मी हो म्हटले आणि मग माझ्या लक्षात आले, की हे गृहस्थ तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट बोलत आहेत.

त्यांना आठवत होते ते १९६७ साल. मलाही ते अंधुक आठवते. मी बारा वर्षांचा होतो आणि वडिलांचे बोट धरून तळोद्याच्या मतदान केंद्रापर्यंत गेलो होतो. वडिलांना दोन कागद मिळाले होते. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातल्या मतदाराला एकाच दिवशी खासदार आणि आमदार निवडण्याची संधी मिळाली ती थेट १९९९ साली. मधल्या काळात या दोन मतपत्रिकांची फारकत कुणी केली, याचा शोध घेऊ लागले की एका बाईंच्या चरित्रापाशी येऊन थांबावे लागते. त्या बाईंना आमच्या जिल्ह्याने जितके भरभरून दिले, तितके फार थोड्या जिल्ह्यांनी दिले असेल. आज पुन्हा देशभर एकत्र निवडणुकांची चर्चा सुरू असताना ते चरित्र या एका बाजूने वाचून पाहावे, असे वाटले.

इंदिराबाईंचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ चा, अलाहाबादचा. आनंद भवनातले बालपण, तुरुंगात ये-जा करणारे वडील, आजारी आई, वानरसेना हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या शिक्षणाचा एक तुकडा पुण्यातला आहे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. १९३१ ते १९३४ या काळात त्या पुण्यात वकील दांपत्याच्या शाळेत शिकत होत्या. गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातले १९३२ चे उपोषण झाले तेव्हा त्या तेथे जाऊन त्यांना भेटल्या. पुढे शांतिनिकेतन झाले. १९३६ साली लोझानला आईचा मृत्यू पाहावा लागला. त्यानंतर ऑक्सफर्डचे अर्धवट राहिलेले शिक्षण, १९४२ साली फिरोज गांधींशी विवाह आणि लगेच नैनीच्या तुरुंगातला मुक्काम. थोरला मुलगा राजीव १९४४ साली मुंबईत जन्मला. घर भरलेले असूनही ही मुलगी एकटी वाढली. पुढे माणसांवर विश्वास टाकताना त्या जो हात आखडता घेत, त्याचे मूळ इथे असावे असे मला वाटते.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये संपली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोरचा मोठा प्रश्न अक्षर न ओळखणाऱ्या मतदाराचा होता. त्यावर काढलेला तोडगा असा, की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवायची, पेटीवर त्याचे चिन्ह लावायचे आणि मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. लोकसभा आणि विधानसभा एकत्र, म्हणून पेट्यांच्या रांगाही दोन. त्यातून आदिवासींसाठी राखीव जागा असलेल्या द्विसदस्य मतदारसंघात दोन-दोन मते. आमचा भाग तेव्हा मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. त्या वर्षी फिरोज गांधी रायबरेलीहून उभे होते आणि इंदिराबाई प्रचारात हिंडत होत्या. सभेतल्या माणसांच्या चेहऱ्यावरून हवा ओळखण्याची विद्या त्यांनी तिथे कमावली.

१९५९ च्या फेब्रुवारीत त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. हे पद त्यांनी वर्षभरच सांभाळले, पण त्या वर्षात दोन गोष्टी घडल्या. एक आपल्या जवळची. द्विभाषिक मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे करावेत, या बाजूने त्यांनी वजन टाकले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातेत गेली. दुसरी गोष्ट केरळची. तेथले कम्युनिस्ट सरकार विधानसभेत बहुमत असताना ३१ जुलै १९५९ रोजी बरखास्त झाले. त्यासाठी सर्वांत अधिक आग्रह पक्षाध्यक्ष इंदिराबाईंचा होता. पंतप्रधान असलेले वडील कचरत होते. १९६० च्या फेब्रुवारीत केरळात मध्यावधी निवडणूक झाली. त्यामुळे १९६२ साली आम्ही महाराष्ट्रात दोन मते देत होतो, तेव्हा केरळचा मतदार लोकसभेचे एकच मत देत होता. याआधीही एखाद्या राज्याची निवडणूक मध्येच घ्यावी लागली होती, हे खरे. पण दिल्लीने ठरवले तर राज्याचे घड्याळ मागेपुढे करता येते, हा धडा त्या इथे शिकल्या.

१९६६ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर त्या पंतप्रधान झाल्या. मोरारजीभाईंचा पराभव करून झाल्या, पण तो राज्याराज्यांतल्या बड्या नेत्यांच्या बळावर. त्या नेत्यांचा हिशेब साधा होता. बाई दिल्लीत बसतील आणि कारभार आपण पाहू. १९६७ ची निवडणूक या हिशेबाची परीक्षा होती. भुवनेश्वरच्या सभेत दगड लागून त्यांचे नाक फुटले, तरी त्यांनी दौरा सोडला नाही. निकाल लागले तेव्हा काँग्रेसला लोकसभेत ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या आणि कितीतरी राज्ये हातची गेली होती. मुंबईत स. का. पाटलांसारखा मातब्बर पुढारी जॉर्ज फर्नांडिसांकडून पडला. महाराष्ट्र मात्र वसंतराव नाईकांच्या काँग्रेसकडेच राहिला.

नंदुरबारचे तेव्हाचे चित्र मला इथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आमचा जिल्हा पहिल्यापासून काँग्रेसचाच, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९६२ साली नंदुरबारने प्रजा समाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी यांना लोकसभेत पाठवले होते. १९६७ साली काँग्रेसचे तुकाराम हुरजी गावित निवडून आले आणि तिथून पुढे २००९ पर्यंत ही जागा काँग्रेसने एकदाही सोडली नाही. म्हणजे नंदुरबारचा काँग्रेसचा बालेकिल्ला हा इंदिराबाईंच्याच काळात बांधला गेला.

१९६७ ची निवडणूक ही दोन मतपत्रिकांची शेवटची सर्वत्र निवडणूक. तिच्यानंतर उत्तरेत पक्षांतरांचा असा काही धुमाकूळ सुरू झाला, की हरियाणा, उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, पश्चिम बंगाल या राज्यांत १९६८-६९ मध्येच पुन्हा मतदान घ्यावे लागले. एकत्र निवडणुका इंदिराबाईंनी मोडल्या, असे सरसकट म्हणणारे हा भाग विसरतात. दोर अनेक ठिकाणी आधीच तुटला होता. त्यांनी जे केले ते त्यानंतरचे, आणि ते समजून-उमजून केलेले.

१९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण, राष्ट्रपतिपदी व्ही. व्ही. गिरींची निवड आणि नोव्हेंबरात पक्षाची फूट. लोकसभेत सरकार अल्पमतात आले आणि कम्युनिस्ट, द्रमुक यांच्या आधाराने चालू लागले. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० ला रद्दबातल ठरवला आणि बारा दिवसांनी, २७ डिसेंबरला, लोकसभा विसर्जित झाली. मुदत संपायला चौदा महिने बाकी होते.

ही चौदा महिन्यांची घाई कशासाठी? नुसते अल्पमत हे तिचे पुरते उत्तर नव्हे. १९७२ पर्यंत थांबून लोकसभा आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या विधानसभा एकत्र झाल्या असत्या, तर काय झाले असते ते पाहा. एकत्र निवडणुकीत खासदाराला गावोगाव नेतात ते आमदारकीच्या उमेदवाराचे कार्यकर्ते. साखर कारखाना, जिल्हा परिषद, पाण्याची पाळी, सोसायटीचे कर्ज या गोष्टींवर मते फिरतात, आणि त्या गोष्टी मुंबईच्या किंवा जिल्ह्याच्या पुढाऱ्याच्या हातात असतात. दिल्लीच्या नेत्याला मत हवे असेल तर या मधल्या माणसाला विचारावे लागते. इंदिराबाईंना नेमका हाच माणूस बाजूला करायचा होता. लोकसभा एकटी घेतली की मतदारापुढे प्रश्न एकच उरतो, तुम्हाला ही बाई हवी की नको? गरिबी हटवण्याची घोषणा घेऊन त्या देशभर फिरल्या, तीनशेहून अधिक सभा घेतल्या आणि मार्च १९७१ मध्ये ५१८ पैकी ३५२ जागा घेऊन परत आल्या. महाराष्ट्राने ४५ पैकी ४२ जागा दिल्या. तमिळनाडू, ओरिसा, पश्चिम बंगाल अशा थोड्या राज्यांत त्याच वेळी विधानसभेचेही मतदान झाले. आमच्याकडे मात्र एकच कागद हाती आला.

सातपुड्यात तो होळीच्या तोंडावरचा काळ. भोंगऱ्याचे बाजार, ढोल, उसावरून परतलेली माणसे. पूर्वीची बैलजोडी जाऊन कागदावर गाय-वासरू आले होते. नंदुरबारने पुन्हा तुकाराम गावितांना निवडून दिले. माझी आई शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण त्या वर्षी ती पहिल्यांदा वडिलांना न विचारता मत देऊन आली, एवढे मला पक्के आठवते. बायकांना इंदिराबाई आपल्या वाटत. त्या सभेला आल्या की डोक्यावर पदर असे, आदिवासी बायकांच्या घोळक्यात जात, त्यांच्यासारखा फेटा किंवा दागिना अंगावर घेत. काँग्रेसच्या प्रचाराचा नारळ नंदुरबारला फुटतो, असे पुढे बोलले जाऊ लागले. हे सगळे नाटक होते, असे विरोधक म्हणत. मला तसे वाटत नाही. त्यांना दिल्लीतल्या माणसांपेक्षा ही माणसे खरोखर जवळची वाटत असावीत. मात्र या जवळिकीत आमच्या भागाचे प्रश्न मांडणारा स्थानिक माणूस हळूहळू किरकोळ होत गेला, हेही तितकेच खरे.

वर्षभराने, मार्च १९७२ मध्ये, विधानसभेचे मतदान झाले. बांगलादेशच्या युद्धाचा विजय ताजा होता. काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. राज्याची निवडणूक वेगळी झाली म्हणजे राज्याचे प्रश्न वेगळे तपासले जातील, अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला, पण त्याचा हिशेब मागायला मतदाराला सहा वर्षे थांबावे लागले.

सहा का, पाच का नाही? ही गोष्ट आमच्या राज्यात फारशी सांगितली जात नाही. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराबाईंची १९७१ ची रायबरेलीची निवड रद्द ठरवली आणि २५ जूनला आणीबाणी आली. १९७६ साली लोकसभेची मुदत वाढवण्यात आली. त्याच वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींची मुदत पाचावरून सहा वर्षे केली. आता गंमत पाहा. १९७२ ची महाराष्ट्र विधानसभा पाच वर्षांच्या हिशेबाने १९७७ च्या मार्चमध्ये संपत होती, आणि इंदिराबाईंनी लोकसभेची निवडणूक जाहीर केली तीही १९७७ च्या मार्चमध्येच. सुटलेली गाठ आपोआप पुन्हा बसली असती. वाढीव मुदतीने ती बसू दिली नाही. विधानसभेचे मतदान फेब्रुवारी १९७८ ला झाले.

१९७७ चे मत माझे पहिले. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते. त्या निवडणुकीत रायबरेलीत स्वतः इंदिराबाई पन्नास हजारांहून अधिक मतांनी पडल्या, महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या, पण नंदुरबारने सुरूपसिंग नाईकांना निवडून देऊन काँग्रेसची साथ सोडली नाही. माझे मत कुणाला गेले ते सांगत नाही. घरात त्यावरून आईशी दोन दिवस अबोला होता, एवढे सांगतो.

पुढची तीन वर्षे म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकांची परीक्षाच होती. केंद्रातल्या जनता सरकारने एप्रिल १९७७ मध्ये काँग्रेसची नऊ राज्यांतली विधानसभा बरखास्त केली. लोकसभेतल्या पराभवामुळे या सरकारांनी लोकांचा विश्वास गमावला, असा युक्तिवाद होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. महाराष्ट्र त्या नऊत नव्हता. १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटलेली, इंदिराबाईंच्या पक्षाला हाताचा पंजा हे नवे चिन्ह, कुणालाच बहुमत नाही. आधी वसंतदादांचे संमिश्र सरकार, मग जुलैत शरद पवारांचे पुलोद. १९८० च्या जानेवारीत लोकसभा आली, इंदिराबाई परतल्या आणि फेब्रुवारीत त्यांनीही नेमकी नऊच राज्ये बरखास्त केली. युक्तिवाद तोच. या वेळी मात्र महाराष्ट्र त्यात होता. मेच्या अखेरीस, उन्हाळी सुटीत, आम्ही पुन्हा मतपेट्या डोक्यावर देऊन अक्राणीच्या पायवाटा चढलो. मार्च १९७७ ते मे १९८० या ३८ महिन्यांत चार मतदाने. त्यावर १९८१ साली नंदुरबारला लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि माणिकराव गावित पहिल्यांदा खासदार झाले.

या चार मतदानांचा खर्च कुणी केला, तर सरकारने, हे उत्तर अपुरे आहे. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. जानेवारी-फेब्रुवारीचे मतदान म्हणजे त्यांना एक तर मत सोडायचे, नाही तर मजुरी सोडून, गाडीभाडे भरून यायचे. एकदा येण्याऐवजी दोनदा यावे लागते तेव्हा हा खर्च त्यांच्या कनवटीतून जातो. एकत्र निवडणुकांच्या बाजूने पुष्कळ मोठमोठे आकडे सांगितले जातात. मला हे एक कारण त्या सर्वांहून वजनदार वाटते.

पण इंदिराबाईंच्याच चरित्रात दुसरी बाजूही आहे. १९८० ते १९८४ या त्यांच्या अखेरच्या कारकिर्दीत महाराष्ट्राने अंतुले, बाबासाहेब भोसले आणि वसंतदादा असे तीन मुख्यमंत्री पाहिले. तिघेही एकाच विधानसभेत आणि तिघांच्याही येण्या-जाण्याचा निर्णय दिल्लीत. मतदाराला मध्ये कुणी विचारले नाही. निवडणुका एकत्र होत्या की वेगळ्या, याने यात काही फरक पडला नसता. १९५९ चे केरळ, १९७१ ची घाई, १९७६ ची वाढीव मुदत आणि १९८० ची बरखास्ती या चारही वेळा तारीख हलवणारा हात एकच होता आणि प्रत्येक वेळी हलवण्याचे कारण वेगळे होते. जनता पक्षाने १९७७ मध्ये तोच हात उसना घेतला. अशा बरखास्तीला न्यायालयाचा खराखुरा लगाम बसला तो १९९४ च्या बोम्मई निकालाने, इंदिराबाई गेल्यानंतर दहा वर्षांनी.

१९८३ मध्ये निवडणूक आयोगाने लोकसभा आणि विधानसभा पुन्हा एकत्र घ्याव्यात, अशी सूचना केली होती. तेव्हा पंतप्रधान इंदिराबाईच होत्या. सूचना कागदावर राहिली. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांची हत्या झाली. डिसेंबरात लोकसभेचे मतदान झाले, आणि महाराष्ट्राचे मार्च १९८५ मध्ये, नेहमीप्रमाणे वेगळे.

आता माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला १२९ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत येऊन संयुक्त समितीकडे गेले. राज्याची विधानसभा मध्येच विसर्जित झाली तर नवी विधानसभा उरलेल्या मुदतीपुरतीच राहील आणि सर्व विधानसभांची मुदत लोकसभेबरोबर संपेल, अशी त्यातली योजना आहे. राज्यांचे घड्याळ लोकसभेच्या घड्याळाला बांधले जाईल, असा त्याचा अर्थ. एखाद्या राज्याची निवडणूक बरोबर घेता येणार नाही असे आयोगाला वाटले, तर ती पुढे ढकलण्याची शिफारसही त्याला करता येईल. मजुराची दुसरी खेप वाचावी, हे मला मनापासून हवे आहे. पण वर्षभराचेच आयुष्य उरलेले सरकार निवडायला त्याला बोलावले, तर ती खेप वाचली असे कसे म्हणायचे? आणि तारीख पुढे ढकलणाऱ्या हाताला विचारणार कोण? हे प्रश्न नंदुरबारने पूर्वी भोगलेले आहेत, म्हणून ते इथूनच विचारले पाहिजेत.

मतदार गोंधळतो, लाटेत दोन्ही मते एकाच पक्षाला देतो, असाही एक आक्षेप असतो. १९९९ चे महाराष्ट्राचे निकाल त्याला पुरते दुजोरा देत नाहीत. एकाच दिवशी दिलेल्या मतांतून शिवसेना-भाजपला लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा मिळाल्या, विधानसभेत मात्र २८८ पैकी १२५ वरच त्यांची गाडी अडली आणि सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचे आले. काँग्रेस तेव्हा नुकतीच फुटलेली होती, म्हणून या आकड्यांवर फार मोठे घर बांधू नये, हे खरे.

२०२४ मध्ये नंदुरबारने १३ मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मत दिले. राज्याचे पहिले मतदान केंद्र म्हणून ओळखले जाते ते मणिबेली आमच्याच अक्कलकुव्यात, सरदार सरोवराच्या पाण्याकाठी. तिथे कर्मचाऱ्यांना पेटी घेऊन बोटीने जावे लागते.

अक्राणीच्या त्या गृहस्थांचे राहिलेच. त्यांनी दोन्ही कागदांवर शिक्का मारला, नीट घड्या घातल्या आणि गुलाबी कागद लोकसभेच्या पेटीत, पांढरा विधानसभेच्या पेटीत टाकून ते माझ्याकडे पाहू लागले. चूक झाली हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे. काही बिघडत नाही, मोजणीच्या वेळी रंग बघून वेगळे काढतात, असे मी त्यांना सांगितले. ते घोंगडी सावरून पावसात निघून गेले.